मुतखड्यावरचा घरगुती उपाय संशोधन संस्थेला कळवला, पुढे काय होतं?

रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात मुतखड्यावर केळीच्या खोडाचा रस घेतलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. खोड सोलायचं, आतला पांढरा गाभा काढायचा, ठेचून पिळायचा आणि सकाळी अनशापोटी तो रस प्यायचा. खडा पडला, कळ थांबली की माणसाला मनापासून वाटतं, हे सगळ्या देशाला कळायला हवं. मग घरातला एखादा शिकलेला भाचा पत्र लिहून देतो. ते दिल्लीच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला म्हणजे आयसीएमआरला जातं, आयुष मंत्रालयाला जातं, कधी थेट एखाद्या औषध कंपनीला जातं. महिने उलटतात. उत्तर येत नाही, किंवा पत्र मिळाल्याची दोन ओळींची पोच येते. घरात निष्कर्ष निघतो की मोठ्या लोकांना गरिबाचं औषध नको असतं.

हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. उत्तर न देणं ही संस्थांची चूक आहे आणि त्याबद्दल मी पुढे बोलणारच आहे. पण पत्र बाजूला पडण्याचं कारण बहुतेक वेळा त्या पत्रातच असतं. त्यात उपाय असतो, नोंद नसते. संशोधन संस्थेला उपायापेक्षा नोंदीची भूक जास्त असते, आणि हे पत्र लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी कंपन्यांचं बघू, कारण त्यांचं उत्तर सगळ्यात कोरडं असतं. अनेक मोठ्या औषध कंपन्या जाहीरच सांगतात की बाहेरून न मागता आलेल्या कल्पना आम्ही विचारात घेत नाही. यामागे कायद्याची धास्ती आहे. समजा, कंपनीच्या प्रयोगशाळेत एखाद्या वनस्पतीवर पाच वर्षं काम चालू आहे आणि त्याच वनस्पतीबद्दल तुमचं पत्र आलं. उद्या औषध बाजारात आल्यावर तुम्ही म्हणू शकता, ही कल्पना माझी होती. हा दावा कोर्टात खोटा ठरवायला कंपनीला वर्षं आणि पैसा घालवावा लागतो. म्हणून पत्र संशोधकाच्या टेबलावर जाऊच दिलं जात नाही. काही कंपन्या बाहेरच्यांशी बोलतात, पण ज्याच्याकडे पेटंट किंवा प्रयोगाचे निकाल हातात आहेत अशांशी. शेतकऱ्याचं पत्र तिथे पोचत नाही आणि पोचेल अशी आशाही ठेवू नये.

सरकारी संस्थांचं वेगळं असतं. त्या जनतेच्या पैशावर चालतात, पत्र घेणं त्यांना टाळता येत नाही. पण त्यांची रचना पत्रांसाठी नाही, प्रस्तावांसाठी आहे. आयसीएमआर बाहेरच्या संशोधनाला पैसा देते तो एखाद्या मान्य संस्थेत काम करणाऱ्या संशोधकाच्या प्रस्तावाला. प्रस्ताव तज्ज्ञांच्या समितीपुढे जातो आणि समिती प्रश्न विचारते. व्यक्तीने पाठवलेल्या पत्राला अशी समिती नसते. कोविडच्या सुरुवातीला, 2020 मध्ये, आयुष मंत्रालयाने आपल्या क्षेत्रातल्या वैद्यांकडून आणि संस्थांकडून उपायांच्या सूचना मागवल्या होत्या. तेव्हाही अट हीच होती की उपाय का चालेल याचं शास्त्रीय कारण सोबत द्या.

सामान्य माणसाचं म्हणणं त्याच्याच भाषेत ऐकून घ्यायला बसलेली एक संस्था मात्र आपल्याकडे आहे. गांधीनगरजवळचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, म्हणजे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन. 2000 साली ते सुरू झालं, आणि त्यामागे प्रा. अनिल गुप्ता यांच्या, लोकांचं ज्ञान गोळा करणाऱ्या हनी बी नेटवर्कची कितीतरी वर्षांची पायपीट होती. गावोगावच्या लोकांनी शोधलेली यंत्रं, जपलेली वाणं, माणसांवरचे आणि जनावरांवरचे वनस्पती-उपाय ही संस्था नोंदवून घेते. हे आधीच कुठे लिहिलेलं आहे का ते तपासते, आणि सांगणाऱ्याची लेखी संमती घेते: माहिती कुणाला दाखवायची, कुणाला नाही, नफा झाला तर वाटा कसा. माझ्या मते खान्देशातल्या कुणालाही असा उपाय कळवायचा असेल तर दिल्लीच्या आधी हा पत्ता आठवावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पत्र खरोखरच एखाद्या अभ्यासू डॉक्टरच्या हातात पडलं, तर ती डॉक्टर काय बघते?

केळीच्या रसाचंच उदाहरण घेऊ. तिचा पहिला प्रश्न असतो, खडा होता हे कशावरून? पाठीत कळ आली, लघवीला जळजळ झाली, एवढ्यावरून मुतखडा ठरत नाही. स्नायू आखडला तरी कळ येते, लघवीच्या संसर्गाने जळजळ होते. म्हणून उपायाआधीची सोनोग्राफी हवी आणि तिच्यात खड्याचं माप आणि जागा लिहिलेली हवी.

दुसरा प्रश्न खड्याच्या मापाचा, आणि इथेच बहुतेक घरगुती उपायांचा गुंता सुटतो. मूत्रवाहिनीत उतरलेले 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे साधारण तीनात दोन वेळा आपोआप पडून जातात. 5 ते 10 मिलिमीटरचेही निम्म्याच्या आसपास पडतात. म्हणजे लहान खडा असलेल्या शंभर जणांना केळीचा रस दिला, ताक दिलं किंवा नुसतं तांब्याभर पाणी दिलं, तरी साठ-सत्तर जण ‘गुण आला’ म्हणणारच. त्यात रस पिणारा माणूस एरवीपेक्षा जास्त द्रव पोटात घेतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपार जातो, अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं, लघवी घट्ट होते. अशा दिवसांत पोटात जास्त पाणी गेलं हाच अर्धा उपचार असू शकतो. मग श्रेय रसाचं, की पाण्याचं, की निसर्गाचं?

हे समजायला शेतकऱ्याला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही. नवं खत खरंच चालतं का हे बघायचं तर आपण कपाशीच्या काही ओळी तशाच सोडतो आणि वेचणीला दोन्हींचं वजन करतो. सगळ्या वावराला खत टाकलं आणि पाऊस चांगला झाला, तर कापूस खतामुळे आला की पावसामुळे हे कुणीच सांगू शकत नाही. औषधाच्या चाचणीत ‘कंट्रोल’ गट म्हणतात तो म्हणजे या सोडलेल्या ओळी. कोणत्या रुग्णाला कोणता गट मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात, नाहीतर धडधाकट माणसं एका बाजूला आणि थकलेली दुसऱ्या बाजूला जाण्याचा धोका असतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड: ज्यांना गुण आला नाही ते कुठे आहेत? धुळे-अमळनेरकडची म्हातारी माणसं अहिराणीत सांगतात, ‘मी औसद दिधं, त्यासले गुण उना.’ त्यांच्या बोलण्यात खोटं काही नसतं. पण ज्याला गुण आला तो पेढे घेऊन परत येतो, आणि ज्याला आला नाही तो जळगावला दवाखान्यात भरती होतो आणि पुन्हा सांगायला येत नाही. औषध देणाऱ्याच्या आठवणीत फक्त पेढेवाले उरतात. तो खरं बोलत असतो, तरी हिशेब चुकीचा निघतो. पत्रात ‘आजवर शेकडो लोक बरे झाले’ असं वाचलं की संशोधकाच्या मनात लगेच येतं, एकूण किती जणांना दिलं?

चौथा प्रश्न जिवाशी खेळणारा आहे. मुतखड्याची कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नसतं. खडा मूत्रवाहिनीत अडकून राहतो, काही दिवसांनी दुखणं ओसरतं आणि आत मूत्रपिंडावर दाब येत राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी कळतं की एक मूत्रपिंड निकामी होत आलंय. म्हणून उपायानंतरचीही सोनोग्राफी हवी. शिवाय केळीच्या खोडाच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही, पण ज्याची मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत त्याचं शरीर ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणजे मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला मूत्रपिंडासाठीचाच उपाय घातक ठरू शकतो. ‘झाडपाला आहे, अपाय नाही’ हे वाक्य पत्रात दिसलं की वाचणाऱ्याचा विश्वास वाढत नाही, कमी होतो.

केळीच्या खोडाच्या अर्कावर उंदरांमध्ये प्रयोग झालेले आहेत, खडे तयार करणाऱ्या लघवीतल्या घटकांवर त्याचा परिणाम तपासला गेला आहे. म्हणजे ही कल्पना कुणी हसण्यावारी नेलेली नाही. पण उंदीर ते माणूस हे अंतर मोठं असतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने लोकांकडून येणाऱ्या अशा दाव्यांसाठी 1991 पासून एक पद्धत ठेवली आहे. तिचं नाव ‘बेस्ट केस सिरीज’. कल्पना साधी आहे. तुमच्या उपायाने बरे झालेले तुमचे सगळ्यात चांगले रुग्ण निवडा आणि त्यांची कागदपत्रं आणा. कर्करोगच होता हे सांगणारा बायॉप्सीचा अहवाल हवा. उपचाराआधीचं आणि नंतरचं स्कॅन हवं, गाठ किती होती आणि किती झाली ते मोजता यायला हवं. त्या काळात केमोथेरपी, रेडिएशन किंवा दुसरा कोणताही उपचार चालू नसावा, नाहीतर श्रेय कुणाचं हे ठरत नाही. आणि आधी काय काय उपचार झाले त्याचा पूर्ण इतिहास हवा. या चाळणीतून काही रुग्ण पार झाले तर पुढच्या अभ्यासाचा विचार होतो. मला यातली सभ्यता आवडते. उपाय कुठून आला, सांगणारा शिकलेला आहे का, त्याची पद्धत कोणती, यातलं काही आडवं येत नाही. फक्त कागद दाखवा.

कागद मागितल्यावर काय होतं, याचं उदाहरण त्याआधीचं आहे. जर्दाळूच्या बियांशी नातं असलेलं लेट्रिल नावाचं ‘कर्करोगाचं औषध’ 1970 च्या दशकात अमेरिकेत फार गाजलं. सुमारे 70,000 लोकांनी ते घेतलं असावं असा अंदाज होता. 1978 मध्ये कर्करोग संस्थेने देशभरातल्या डॉक्टरांना पत्रं पाठवली: ज्यांना गुण आला त्यांची कागदपत्रं द्या. आली फक्त 93 प्रकरणं. त्यातली तपासण्याजोगी काही निघाली आणि गाठ कमी झालेली सहा. तेवढ्यावर काही ठरेना, पण संस्थेने दार बंद केलं नाही. 178 रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि 1982 मध्ये निकाल आला: कुणी बरं झालं नाही, कुणाचा आजार थांबला नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइडचं प्रमाण धोक्याच्या जवळ गेलं. हजारो लोकांची खात्री आणि सहा कागद यांच्यातलं हे अंतर लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण दुसऱ्या बाजूचीही गोष्ट आहे, आणि ती खान्देशाला जवळची वाटावी अशी आहे. नंदुरबार-धुळ्याच्या सातपुडा पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. 2023 मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, त्यात हे जिल्हे महत्त्वाचे आहेत. हाच आजार नायजेरियात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तिथे एका पारंपरिक उपचारकाच्या घराण्यात सिकलसेलच्या वेदनांवर एक काढा चालत आलेला होता. 1990 च्या दशकात त्याने तो अबुजाच्या सरकारी औषध संशोधन संस्थेला करार करून सांगितला. घटक चार: तिकडच्या एका मिरीच्या बिया, एका झाडाचं खोड, लवंग आणि ज्वारीची पानं. होय, आपल्या घरची ज्वारी.

संस्थेने तो काढा प्रमाणित केला, प्राण्यांवर तपासला, मग माणसांवर. 82 रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांच्या काळात वेदनेचे झटके कमी झाल्याचं दिसलं. रक्तक्षय आणि आजाराच्या गंभीर गुंतागुंतींवर मात्र परिणाम दिसला नाही. तपासणाऱ्यांनी अजून मोठ्या चाचण्या हव्यात असं सांगितलं. अमेरिकेतल्या एका कंपनीने परवाना घेतला, 2006 मध्ये औषध नायजेरियात बाजारात आलं, आणि 2008 मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. एका घराण्याचा उपाय ऐकून घेतला गेला, तपासला गेला, त्यात काही तथ्यही दिसलं, आणि तरी पैशाअभावी अडला. औषध खरं असणं पुरेसं नसतं, ते बनवत राहणारं कुणीतरी लागतं.

हे वाचून कुणी घरी ज्वारीच्या पानांचा काढा करायला घेऊ नये, म्हणून इथेच सांगतो. कोवळ्या ज्वारीच्या पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. पाऊस ताणला की कोवळी, सुकलेली ज्वारी खाऊन गुरं दगावतात हे आपल्याकडच्या प्रत्येक पशुपालकाला माहीत आहे. किती पानं, कोणत्या वयाची, किती वेळ उकळलेली, हे सगळं त्या संस्थेने ठरवून घेतलं होतं. प्रमाणित करणं म्हणतात ते हेच. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरने दिलेलं हायड्रॉक्सीयुरिया सोडून काढ्यामागे लागणं धोक्याचं आहे.

आता भीतीबद्दल. सातपुड्यातला जाणकार भगत किंवा वैदू आपलं औषध सांगायला तयार नसतो. त्याला वाटतं, सांगितलं की चोरी होईल. ही भीती पोकळ नाही. हळदीने जखम भरते या गोष्टीवर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने म्हणजे सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून ते लढवलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. त्यानंतर 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, 2002 मध्ये जैवविविधता कायदा आला, आणि आपल्या पेटंट कायद्यात पारंपरिक ज्ञानाला पेटंट देता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं. लाभात वाटा देता येतो हे केरळात दिसलं आहे. तिथल्या काणी आदिवासींनी संशोधकांना एका थकवा घालवणाऱ्या वनस्पतीची ओळख करून दिली, तिच्यापासून ‘जीवनी’ नावाचं औषध बनलं, आणि परवाना शुल्काचा व रॉयल्टीचा निम्मा वाटा त्यांच्या विश्वस्त संस्थेला देण्याचं ठरलं.

म्हणून भीती असेल तर आधी करार मागावा. पण गुप्तता शेवटपर्यंत ठेवता येत नाही. आत काय आहे हे माहीत नसलेली पुडी, माणसांवरच्या चाचणीला परवानगी देणारी कुठलीही नैतिकता समिती माणसाला देऊ देणार नाही, आणि देऊही नये. 2019 च्या नियमांनुसार या समितीत किमान सात सदस्य लागतात, आणि त्यात डॉक्टर-संशोधकांबरोबर एक सर्वसामान्य नागरिकही असावा लागतो. माणसांवरची औषधचाचणी सुरू करण्याआधी तिची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, करावी लागते. ही नोंदवही 2007 पासून आहे आणि कुणालाही फुकट बघता येते. पत्र लिहिण्याआधी तिथे आपल्या वनस्पतीचं नाव टाकून बघावं. चाचणी आधीच झालेली असू शकते.

एक गोष्ट मात्र पत्र पाठवण्यापेक्षा जास्त महागात पडते: उपायाची जाहिरात. 1954 च्या औषधे आणि जादुटोणा उपाय कायद्यात काही आजारांची यादी आहे. ते बरे करतो अशी जाहिरात करता येत नाही. त्या यादीत कर्करोग आहे, मधुमेह आहे आणि मुतखडाही आहे. भिंतीवर ‘मुतखडा हमखास पाडू’ असं रंगवणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं.

मग खरं पत्र कसं असावं? मी ते दोन-चार ओळींच्या दाव्याऐवजी एका वहीची झेरॉक्स म्हणून पाठवीन. कुणाला दिलं, वय किती, सोनोग्राफी कधीची, खडा किती मिलिमीटर, रस किती, किती दिवस, सोबत कुठली गोळी चालू होती, नंतरची सोनोग्राफी काय म्हणते. आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचीही तेवढीच पानं. नावांऐवजी फक्त क्रमांक. अशी वही दिल्लीला पाठवायचीही गरज नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जळगावात बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आहे, शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण आहे. तिथला एखादा प्राध्यापक अशी वही बघून जागचा हलेल, पत्राने हलणार नाही.

आणि संस्थांचं काय? त्यांनी निदान एका पानाचं मराठी उत्तर छापून ठेवावं: तुमचं पत्र मिळालं, पुढे जायला आम्हाला हे हे कागद लागतात, ते नसतील तर या पत्त्यावर बोला. एवढं करायला पैसा लागत नाही. ते न केल्यामुळे जाणकार माणूस संशोधनावर रुसतो, आणि उद्या खरा डॉक्टर खरी सूचना घेऊन आला तरी त्याचं ऐकत नाही.

ब्रिटनमध्ये गेल्या वीस-एक वर्षांत एक वेगळी वाट रुळली आहे. 2004 पासून जेम्स लिंड अलायन्स नावाची व्यवस्था रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून एकेका आजारातल्या अनुत्तरित प्रश्नांचा प्राधान्यक्रम लावते. तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेलाही सामान्य माणूस संशोधनाचा विषय सुचवू शकतो. तिथे लोकांकडून उत्तर मागत नाहीत, प्रश्न मागतात. मला वाटतं खान्देशाने पाठवावं ते हेच. भर उन्हात केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुरांमध्ये मुतखडा किती जणांना होतो? त्यांना दिवसाला किती पाणी मिळतं, आणि बाईमाणसं बागेत आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी पिणंच टाळतात का? या प्रश्नाला पेटंट लागत नाही, उंदीर लागत नाहीत, गुप्तता लागत नाही. सामाजिक वैद्यकशास्त्राच्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधात तो बसतो, आणि उत्तर मिळालं तर औषधाच्या आधी बागेच्या बांधावर पाण्याचा माठ आणि एक शौचालय उभं करता येतं.